चोरीचा माल सापडला, पण धनी कोण?

चोरीला गेलेली वस्तू परत मिळाली की मालकाला आनंद होतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्या वस्तूचा विमा उतरविलेला असेल आणि विम्याची रक्कम घेऊन ती खर्चही झालेली असेल, तर हा आनंद निर्भेळ राहत नाही. एखाद्या शिक्षकाची मोटारसायकल चोरीस जाते. गुन्हा खरा आहे पण शोध लागत नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात सादर करतात. विमा कंपनी रक्कम चुकती करते आणि शिक्षक दुसरे वाहन घेतो. दोन वर्षांनी परजिल्ह्यातील एखाद्या पोलीस ठाण्यातून निरोप येतो की, वाहन सापडले आहे. आता ते कोणाचे? नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याचे, पैसे मोजणाऱ्या कंपनीचे, की ज्याने चोराकडून ते भाबडेपणाने विकत घेतले त्याचे?

यांपैकी तिसऱ्या दावेदाराचा निकाल सोपा आहे. विकणाऱ्यापाशीच मालकी नसेल तर घेणाऱ्याला ती मिळत नाही, हा मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातील सर्वसाधारण नियम आहे. खरा वाद उरतो तो मूळ मालक आणि विमा कंपनी यांच्यात. आणि या वादात दोन्ही बाजूंच्या मनात एकेक गैरसमज घर करून असतो. ‘इतकी वर्षे हप्ते भरले, तेव्हा पैसेही माझे आणि वस्तूही माझी,’ असे मालकाला वाटते. ‘पैसे मोजले, म्हणजे आम्ही वस्तू विकत घेतली,’ असे कंपनीला वाटते. वस्तुतः दोघेही चुकतात.

मालमत्तेचा विमा हा भरपाईचा करार आहे. तो लाभाचा करार नव्हे आणि विक्रीचाही नव्हे. विमेदाराचे जेवढे नुकसान झाले तेवढे भरून द्यावे, त्याहून अधिक मात्र त्याच्या पदरात पडू नये, हे त्याचे सूत्र. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १८८३ साली ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ या खटल्यात ते स्पष्ट शब्दांत मांडले. घर विकण्याचा करार झाल्यानंतर घराला आग लागली. विक्रेत्याने विम्याची रक्कम घेतली आणि पुढे खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. एकाच नुकसानीबद्दल दोनदा पैसे घेता येणार नाहीत, असे सांगून न्यायालयाने विम्याची रक्कम परत करावयास लावली. चोरीच्या बाबतीतही न्याय तोच. पैसे आणि वस्तू ही दोन्ही एकाच हाती राहू शकत नाहीत.

परंतु याचा अर्थ पैसे दिले त्या क्षणी वस्तू आपोआप कंपनीची होते, असाही नाही. आपल्याकडील सागरी विम्याच्या १९६३ च्या कायद्याचे कलम ७९ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संपूर्ण नुकसानीची भरपाई दिल्यावर, विमा उतरविलेल्या वस्तूचे जे काही उरले असेल त्यातील विमेदाराचा हितसंबंध ताब्यात घेण्याचा अधिकार कंपनीला मिळतो, असे ते सांगते. तो अधिकार आहे, बंधन नव्हे. कंपनीला वाटले तर तिने तो वापरावा. त्याखेरीज विमेदाराच्या जागी उभे राहून, नुकसान करणाऱ्याकडून वसुली करण्याचाही हक्क कंपनीला मिळतो. यालाच ‘सब्रोगेशन’ म्हणतात. या दुसऱ्या हक्काला मात्र मर्यादा आहे. १९४५ साली एका ब्रिटिश जहाजाला कॅनडाच्या युद्धनौकेची टक्कर बसून ते नष्ट झाले. विमा कंपनीने ७२,००० पौंड दिले. पुढे कॅनडा सरकारकडून भरपाई येईपर्यंत १९४९ साली पौंडाचे अवमूल्यन झाले होते, त्यामुळे पौंडांत ती रक्कम १,२६,००० च्या वर गेली. कंपनीने सगळीच मागितली. १९६१ साली न्यायालयाने निकाल दिला की, कंपनीने आपले ७२,००० घ्यावेत. वरची रक्कम जहाजाच्या मालकांची. सारांश, वस्तूच ताब्यात घेतली तर तिच्या वाढीव किमतीचा लाभ कंपनीचा. केवळ वसुलीचा हक्क असेल तर दिले तेवढेच तिचे. या एका भेदावर लाखो रुपये इकडचे तिकडे होऊ शकतात.

हा भेद प्रत्यक्षात कसा उतरतो, हे दोन व्हायोलिनांच्या कथांवरून कळते. ब्रोनिस्लाव ह्यूबरमन या विख्यात वादकाचे, स्ट्राडिव्हेरियसने १७१३ साली घडविलेले व्हायोलिन १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून, ते दुसऱ्या वाद्यावर वाजवीत असताना, चोरीस गेले. लंडनच्या लॉइड्सने सुमारे ३०,००० डॉलर भरपाई दिली. ह्यूबरमन १९४७ साली निवर्तले. व्हायोलिन उजेडात आले ते १९८५ साली, चोरीचा माल जवळ बाळगणाऱ्याने मृत्युशय्येवर कबुली दिल्यानंतर. ते लॉइड्सकडे गेले आणि १९८८ साली १२ लाख डॉलरना विकले गेले. दुसरी कथा रोमन टोटेनबर्ग यांची. त्यांचे १७३४ चे स्ट्राडिव्हेरियस १९८० साली अमेरिकेतील केंब्रिज येथे मैफलीनंतर चोरीस गेले. २०१५ साली ते सापडले, तेव्हा टोटेनबर्ग हयात नव्हते. त्यांच्या मुलींनी विम्यापोटी मिळालेले १,०१,००० डॉलर परत केले आणि वडिलांचे वाद्य घरी आणले. एके ठिकाणी वाद्य कंपनीकडे गेले, दुसऱ्या ठिकाणी घरी परतले.

पहिल्या कथेत कंपनीला घबाड मिळाले असे वरवर दिसते. परंतु ३०,००० चे ५२ वर्षांत १२ लाख होणे म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे सात टक्के. वस्तू कधीच न सापडण्याचा धोका कंपनीनेच पत्करलेला होता, आणि ह्यूबरमन यांना पैसे गरजेच्या वेळी, रोख मिळाले होते. तेव्हा कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे म्हणता येत नाही. मात्र वडिलांच्या हातातले वाद्य आणि व्याजाचा दर ही दोन्ही एकाच तराजूत मोजता येतात काय, हा प्रश्न उरतोच.

जाणकार मालक या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधून ठेवतो. लंडनच्या टेट संग्रहालयाची, टर्नर या चित्रकाराची दोन चित्रे १९९४ साली फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनातून चोरीस गेली. विमा कंपन्यांनी २ कोटी ४० लाख पौंड दिले. १९९८ साली, चित्रे अद्याप बेपत्ता असतानाच, टेटने ८० लाख पौंड देऊन त्यांची मालकी कंपन्यांकडून परत विकत घेतली. २००० आणि २००२ साली एकेक चित्र हाती आले तेव्हा ते निर्विवादपणे संग्रहालयाचेच होते. संग्रहालयापाशी कायदेपंडित होते. मोटारसायकल गमावलेल्या शिक्षकापाशी काय असते? कंपनीने पुढे केलेले छापील कागद आणि ‘इथे सही करा’ हे शब्द.

त्या सहीचे मोल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली एका मालवाहतुकीच्या प्रकरणात उलगडून दाखविले. कागद केवळ सब्रोगेशनचा असेल तर कंपनीचा हक्क तिने दिलेल्या रकमेपुरता. वर उरेल ते विमेदाराचे. परंतु त्याच कागदात हक्कांचे अभिहस्तांकनही लिहिलेले असेल, तर वसूल झालेली सर्व रक्कम कंपनी ठेवू शकते, मग ती दिलेल्या भरपाईहून अधिक का असेना. दोन कागदांतील फरक एखाद्या ओळीचा. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. वाहनाच्या बाबतीत तर किल्ल्या, नोंदणीपुस्तक आणि हस्तांतराचे सही केलेले अर्ज भरपाईच्या आधीच कंपनीकडे गेलेले असतात. मालकीचा प्रश्न तेव्हाच निकालात निघालेला असतो. फक्त सही करणाऱ्याला त्याची जाणीव नसते.

ही संदिग्धता कोणाच्याच हिताची नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारात ऊनपावसात गंजणारी मुद्देमालाची वाहने हे तिचे दृश्य रूप होय. अशी वाहने दीर्घकाळ ठेवून घेऊ नयेत, हमी घेऊन हक्कदाराला द्यावीत, आणि मालक पुढे येत नसेल तर विमा कंपनीला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. सापडलेली विमाकृत वाहने कंपन्यांना लवकर मिळावीत यासाठी २०१० साली पुन्हा निर्देश दिले. तरीही जोवर हक्कदार कोण हे कागदावर स्वच्छ लिहिलेले नाही, तोवर मालक म्हणतो कंपनीने न्यावे, कंपनी म्हणते मालकाने न्यावे, आणि वाहन भंगार होते.

उपाय अवघड नाही. भरपाई घेताना विमेदाराला त्याच्या भाषेतील एक कागद मिळावा, आणि त्यात दोन गोष्टी असाव्यात. वस्तू सापडल्यास कंपनीने त्याला लेखी कळवावे. आणि ठराविक मुदतीत घेतलेली रक्कम परत करून ती वस्तू घेण्याचा पहिला हक्क त्याचा असावा. मुदत उलटली तर वस्तू कंपनीची. यात कंपनीचे मुद्दल बुडत नाही. वाढीव किमतीवर तिला पाणी सोडावे लागेल हे खरे. म्हणून परत करावयाच्या रकमेवर वाजवी व्याज आकारण्याची मुभा तिला द्यावी. मोटारसायकलीच्या मालकाला हा हक्क बहुधा वापरावासा वाटणार नाही. आजीच्या पाटल्या किंवा वडिलांची सतार गमावलेल्याला मात्र तोच सर्वस्व वाटेल.

वस्तूची किंमत विमा कंपनी ठरवू शकते. तिचे मोल ज्याची ती होती त्यालाच ठाऊक असते. म्हणून शेवटचा नव्हे, तर पहिला शब्द त्याचा असावा.