उघडीप म्हणजे शरद नव्हे : वसई परिसरातील पहिला कोरडा आठवडा

आश्विनाच्या सुमारास वसई-विरारच्या आकाशातील ढग विरळ होतात आणि ‘पुढील काही दिवस हवामान कोरडे राहील’ असे पूर्वानुमान प्रसिद्ध होते. शरदाला वैद्यांची माता म्हणणारे सुभाषित आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यामुळे असे पूर्वानुमान वाचताच कोणी विरेचनाच्या तारखा देऊ लागतो, तर कोणी औषधालयाच्या गच्चीवर गुळवेल पसरतो. या घाईत रुग्ण आणि औषध या दोहोंचीही हानी होऊ शकते. म्हणून सौम्य व कोरड्या वाटणाऱ्या या पहिल्या आठवड्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वानुमानातील ‘कोरडे’

पूर्वानुमानातील ‘कोरडे’ याचा अर्थ पाऊस नाही, एवढाच. आपल्या शास्त्रातील रूक्ष गुण त्यात अभिप्रेत नाही. समुद्रकिनाऱ्यामुळे आपल्याकडे या दिवसांत सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुधा ७० टक्क्यांहून अधिकच असते. मान्सून परतल्याचे जाहीर करताना भारतीय हवामान विभाग तीन गोष्टी पाहतो : सलग पाच दिवस पावसाचा अभाव, वातावरणाच्या खालच्या थरात प्रतिचक्रवाताची स्थापना आणि हवेतील बाष्पाची लक्षणीय घट. उघडीप ही यांतील केवळ पहिली गोष्ट होय.

मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर करण्यात आली. प्रत्यक्षात २०२० मध्ये तो २८ ऑक्टोबरला, २०२२ मध्ये २३ ऑक्टोबरला, तर २०२३ मध्ये ६ ऑक्टोबरलाच परतला. तीन आठवड्यांचे हे अंतर पाहता केवळ दिनदर्शिकेवर विसंबून चालणार नाही.

तापमानही फसवे असते. पहाट सुखद वाटते, पण मुंबईचे सरासरी कमाल तापमान सप्टेंबरातील सुमारे ३१ अंशांवरून ऑक्टोबरात ३४ अंशांच्या आसपास जाते. पूर्वेकडून जमिनीवरील वारे वाहू लागले आणि खारे वारे दुपारी उशिरा सुरू झाले, की पारा आणखी चढतो. अर्नाळा, राजोडी येथे खारा वारा आधी पोहोचतो. कामण, वालीव या पूर्वेकडील भागांत नंतर. एकाच तालुक्यातील दोन रुग्णांचे अपराह्ण त्यामुळे सारखे नसतात. पित्तप्रकोपाचा विचार करताना रुग्णाचे गाव आणि त्याचे उन्हातील काम अवश्य विचारावे.

शोधनाचा काल

वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदाच्या सूर्यतापाने प्रकुपित होते, हे सर्वज्ञात आहे. मात्र शोधनाच्या दृष्टीने चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात शरद म्हणून ऊर्ज व सह, म्हणजे कार्तिक व मार्गशीर्ष, हे मास सांगितले आहेत. वाग्भटाचार्यांनीही वर्षा ऋतूतील संचयाच्या निर्हरणासाठी कार्तिकच सांगितला. अति शीत, अति उष्ण व अति वर्षा यांनी रहित असा ‘साधारण’ काल त्यांना अपेक्षित आहे. आपल्या पंचांगानुसार कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतो. आश्विनातील पहिली उघडीप ही म्हणून तयारीची वेळ समजावी. मधुर, तिक्त व लघु आहार, दही व दिवास्वाप यांचा त्याग, दुपारच्या उन्हापासून रक्षण आणि आवश्यक तेथे तिक्तघृताची योजना यांनी आरंभ करावा. पूर्वीची चर्या एकदम न सोडता क्रमाक्रमाने सोडावी, हा ऋतुसंधीचा नियम येथे पाळावा. आत्ययिक अवस्थेत अर्थातच कालाची वाट पाहता येत नाही.

औषधालयचालकांसाठी

एका वर्षी प्रस्तुत लेखकाने सलग चार कोरडे दिवस पाहून गुळवेलीचे तुकडे गच्चीवर पसरले. पाचव्या दिवशी सायंकाळी गडगडाटासह सर आली. माल लगेच आत घेतला, वरून सुकल्यासारखा दिसल्यावर पोत्यांत भरला, आणि पंधरवड्यात आतील तुकड्यांवर बुरशी दिसली. सर्व माल टाकून द्यावा लागला. तेव्हापासून तुकडा मोडून कट्ट आवाज झाल्याखेरीज तो पोत्यात जात नाही.

याच दिवसांत अविपत्तिकर चूर्णाची मागणी वाढते. त्यात शर्करा व विडलवण असल्याने ते ओलावा लवकर ओढून घेते, लवणभास्कराचेही तसेच. मोठे डबे सकाळी उघडू नयेत. आठवड्यापुरते चूर्ण लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत दुपारी काढून घ्यावे. गाठी झालेले चूर्ण पुन्हा कुटून विकणे हे व्यवसायाला शोभणारे नाही.

ज्वराविषयी सावधगिरी

पाऊस थांबला म्हणून ज्वर थांबत नाही. डासाची अंड्यापासून वाढ होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात, आणि डेंग्यूची लक्षणे दंशानंतर चार ते दहा दिवसांनी दिसतात. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे दूषित पाण्याच्या संपर्कानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिन्यापर्यंतही प्रकट होतात. शेवटच्या पावसाचे रुग्ण म्हणून कोरड्या आठवड्यातच येतात. शरदातील प्रत्येक ज्वर पित्तज्वर समजून विरेचन देणे धोक्याचे आहे. रक्ततपासणी तत्काळ करून घ्यावी. तीव्र उदरशूल, सतत वमन, रक्तस्राव, कावीळ वा मूत्राल्पता दिसताच रुग्णास रुग्णालयात पाठवावे. डेंग्यूत ताप उतरतानाचा काळच अधिक जोखमीचा असतो, हे नातेवाइकांनाही सांगावे.

हवामान विभागाचे पूर्वानुमान आता रोज उपलब्ध असते. त्यासोबत आपल्या दवाखान्यात एक साधे आर्द्रतामापक ठेवून सकाळ-दुपारची नोंद करावी. ऋतू लक्षणांवरून ओळखावा, ही आचार्यांची शिकवण या नोंदवहीतून प्रत्येकाला आपल्या गावापुरती पडताळता येईल.