काचतंतूतील प्रकाश आणि श्रेयाचे गणित

भौतिकशास्त्राचे २००९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्याचा अर्धा भाग काचतंतूंद्वारे संदेशवहनाचा पाया घालणारे डॉ. चार्ल्स काओ यांच्या वाट्याला आला. त्याच वेळी भारतात एक प्रश्न विचारला जाऊ लागला. ‘फायबर ऑप्टिक्स’ ही संज्ञा रूढ करणारे डॉ. नरिंदरसिंग कपानी यांचे नाव मानकऱ्यांत का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधनाचा प्रभाव विज्ञानजगत कसा मोजते, हेही तपासावे लागते.

पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले कपानी देहरादूनला वाढले. प्रकाश नेहमी सरळ रेषेतच जातो, हे शिक्षकांचे म्हणणे आपल्याला पटले नव्हते, अशी आठवण ते सांगत. आग्रा विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथे प्रा. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी हजारो सूक्ष्म काचतंतूंची जुडी बांधली. तंतूच्या कडेवर तिरका आदळणारा प्रकाश बाहेर न पडता आतच परावर्तित होत राहतो. त्यामुळे जुडी वाकविली तरी एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला दिसते. या प्रयोगाचा निबंध २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तंतूंना आवरण देण्याची महत्त्वाची कल्पना मांडणारा डच शास्त्रज्ञ व्हॅन हील यांचा निबंधही त्याच अंकात होता.

त्यानंतर अमेरिकेत गेलेल्या कपानींनी झपाट्याने लेखन केले. या विषयाचे इतिहासकार जेफ हेक्ट यांच्या गणनेनुसार १९५५ ते १९६५ या काळात ४६ निबंधांचे ते मुख्य लेखक आणि आणखी १० निबंधांचे सहलेखक होते. त्या दशकात फायबर ऑप्टिक्सवर प्रसिद्ध झालेल्या एकूण निबंधांपैकी हा वाटा सुमारे ३० टक्के भरतो. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील त्यांच्या १९६० च्या लेखाने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला.

मात्र निबंधांची संख्या म्हणजे प्रभाव नव्हे. नंतरच्या संशोधकांनी एखाद्या निबंधाचा किती वेळा आधार घेतला, हे मोजण्याच्या पद्धतीला ‘सायटेशन’ची, म्हणजे संदर्भ-उल्लेखांची गणना म्हणतात. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये अशा उल्लेखांची पद्धतशीर सूची सुरू केली. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. किमान २० उल्लेख मिळालेले २० निबंध ज्याच्या नावावर आहेत, त्याचा निर्देशांक किमान २०, असा त्याचा साधा हिशेब आहे.

काओ यांचे काम या हिशेबाला वेगळीच दिशा देते. त्या काळच्या काचेतून प्रकाश काही मीटर जाताच क्षीण होत असे. काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ च्या एका निबंधात दाखवून दिले की, हा दोष काचेचा मूळ स्वभाव नसून तिच्यातील अशुद्धींचा आहे. एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश जरी उरला, तरी तंतू दूरसंचारास उपयोगी पडेल, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ते गाठले. नोबेल मिळाले ते या दूर पल्ल्याच्या संदेशवहनासाठी. कपानींचे सुरुवातीचे काम होते जवळच्या अंतरावर चित्र नेण्याचे. दोन्ही कामे मोठी, पण एक नव्हेत.

तरीही कपानींचा प्रभाव उल्लेखांच्या आकड्यांत पुरता मावत नाही. ‘नेचर’मधील निबंध वाचून डॉ. बेसिल हिर्शोविट्झ हे पोटविकारतज्ज्ञ लंडनला जाऊन हॉपकिन्स आणि कपानी यांना भेटले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सहकाऱ्यांसह त्यांनी जठर तपासण्याची लवचीक दुर्बीण बनविली आणि १९५७ मध्ये ती वापरात आणली. या दुर्बिणीने निदान झालेला रुग्ण कोणत्याही सूचीत उल्लेख नोंदवीत नाही. शिवाय एखादी कल्पना सर्वमान्य झाली की ती पाठ्यपुस्तकात जाते आणि मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. यशच येथे विस्मरणाचे कारण ठरते.

काओ २०१८ मध्ये आणि कपानी डिसेंबर २०२० मध्ये निवर्तले. भारत सरकारने २०२१ मध्ये कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. संशोधकांच्या नेमणुका आणि बढत्या ठरविताना उल्लेखांचे आकडे आज सर्रास पाहिले जातात. ते आकडे वाचणाऱ्यांनी कोणता निबंध कोणाच्या हाती पडला आणि त्यातून पुढे काय घडले, हेही पाहावयास हवे. कपानींच्या कामाचे खरे मोल तेथेच सापडते.