कपाटातील फिती संगणकावर आणताना

डीव्ही पद्धतीने चित्रमुद्रण करणारे कॅमकॉर्डर १९९५ साली बाजारात आले आणि पुढील दहा-बारा वर्षांत आपल्या अनेक सभासदांच्या घरी मिनीडीव्हीच्या इवल्याशा कॅसेटी साठत गेल्या. मुंजी, मंगळागौरी, गणेशोत्सवात डॉक्टर मंडळींनीच बसवलेली नाटके, परिषदांसाठी टिपलेल्या शस्त्रक्रिया असे बरेच काही त्यांत आहे. माझ्या मते सर्वांत मोलाचे आहेत ते त्यांतील आवाज. हिंदीचा हेल घेऊन बोलली जाणारी जुन्या इंदुरी घरांतील मराठी पुन्हा ऐकायची असेल, तर ती बहुधा अशाच एखाद्या फितीवर सापडेल.

या साऱ्याचे संकलन करून अर्ध्या तासाची सुबक चित्रफीत करावी, अशी इच्छा पुष्कळांना असते. घोडे अडते ते त्याआधीच, फितीवरचे मुद्रण संकलनास योग्य अशा फाइलीत उतरवताना. आणि हे काम आता फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही. मिनीडीव्हीची फीत जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंदीची. ती वाचणारा ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो. फीत जपून ठेवली तर टिकते, पण तो ड्रम, त्याच्या मोटारी, रबरी चाके आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दुर्मीळ होत चालले आहेत. ज्या फायरवायर जोडणीने कॅमेरा संगणकाला जोडायचा, तीही गेली. नव्या संगणकांवर ती नसते आणि अ‍ॅपलने २०२५ सालच्या मॅकओएस टाहो आवृत्तीत तिचा आधारच काढून घेतला. तेव्हा घरात अडगळीत पडलेला, फायरवायरची खिडकी असलेला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. या कामात नव्याकोऱ्या लॅपटॉपपेक्षा त्याचाच उपयोग अधिक.

डीव्ही फितीवरील मजकूर मुळातच अंकीय असतो. फायरवायरने तो संगणकावर घेताना रूपांतर होतच नाही, आकडे जसेच्या तसे उतरतात. एका तासाच्या फितीला एक तास लागतो आणि सुमारे १३ गिगाबाइट जागा. चाळीस फिती म्हणजे ५२० गिगाबाइट, आजच्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये त्या आरामात मावतात. मात्र डिस्क फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली असेल तर ४ गिगाबाइटहून मोठी फाइल ती स्वीकारीत नाही, म्हणून एनटीएफएस किंवा एक्सफॅट निवडावी. काम सुरू करण्यापूर्वी कॅसेटच्या पाठीवरील खटका ‘सेव्ह’कडे सरकवावा, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. पावसाळ्यात बुरशी धरलेली फीत मात्र कॅमेऱ्यात घालू नये. ती त्या यंत्राला आणि त्यानंतरच्या प्रत्येक फितीला बाधा करील.

बाजारात कॅसेटी देऊन डीव्हीडी करून घेण्याची पद्धत होती आणि आता एमपी-४ फाइल मिळते. पाहण्यासाठी दोन्ही उत्तम, पण संकलनासाठी गैरसोयीच्या. डीव्ही फाइलीतील प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते, त्यामुळे हवे तेथे कापता येते. डीव्हीडीच्या एमपेग-२ पद्धतीत थोड्याच चौकटी पूर्ण असतात. बाकीच्यांत शेजारच्या चौकटीहून काय बदलले एवढीच नोंद असते. केसपेपरवर रोज ‘रिपीट ऑल’ लिहीत जावे, तसाच हा प्रकार. पहिले पान फाटले की पुढच्या पानांना अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी कात्री लावली की सॉफ्टवेअरला चित्र पुन्हा रचावे लागते आणि दर खेपेस ते थोडे खालावते. दुकानदाराकडून काम करून घ्यायचेच असेल, तर मूळ डीव्ही फाइल डिस्कवर मागावी.

हाय-एट आणि व्हिडिओ-एट या फितींचे गणित निराळे. त्या अ‍ॅनालॉग असल्याने येथे खरोखरच रूपांतर करावे लागते. सोनीने १९९९ साली आणलेल्या डिजिटल-एट कॅमेऱ्यांपैकी काही कॅमेरे या जुन्या फिती चालवून फायरवायरमधून थेट डीव्ही देतात. कोणा आप्ताकडे तसा कॅमेरा असेल, तर तो उसना मागण्यात संकोच करू नये.

आपल्याकडे आणखी एक पेच वारंवार दिसतो. येथे घेतलेला कॅमेरा पाल पद्धतीचा, तर अमेरिकेतील मुलाने आणलेला एनटीएससी पद्धतीचा. पहिला सेकंदाला २५ चौकटी देतो, दुसरा २९.९७. दोहोंची सरमिसळ केली की हालचाल अडखळते, म्हणून ज्या पद्धतीचे चित्रण अधिक, तिच्यावर प्रकल्प बेतावा आणि दुसरे वेगळे रूपांतरित करून घ्यावे. चित्राचे प्रमाण ४:३ आहे, हे सॉफ्टवेअरला सांगणेही आवश्यक. न सांगितल्यास पालमधील माणसे किंचित कृश आणि एनटीएससीमधील स्थूल दिसतात, आणि निदान चुकते! हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर घाबरू नये. जुन्या पद्धतीत प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत मुद्रित होते, त्याचा तो परिणाम. त्या रेषा मूळ फाइलीत काढू नयेत, शेवटच्या प्रतीतच काढाव्यात.

मूळ फाइल म्हणजे पॅराफिनचा ब्लॉक समजावा. काप त्याचे कितीही घ्यावेत, ब्लॉक जपून ठेवावा. त्याच्या दोन प्रती दोन डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा शॉटकट वापरून संकलन झाले, की नातवंडांना पाठवायची एमपी-४ प्रत स्वतंत्र काढावी.

शस्त्रक्रियांच्या फिती घरगुती गठ्ठ्यात मिसळू नयेत, दुकानात तर मुळीच देऊ नयेत. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नमूदच आहे. चेहरा, नाव किंवा फाइल क्रमांक दिसणारा भाग असल्यास तो वगळूनच पुढे वापरावा.

आणि फाइलीला नाव देताना वर्ष, प्रसंग आणि बोलणाऱ्या व्यक्ती लिहाव्यात. फिती उतरवून घेताना घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. मागच्या रांगेत टोपी घालून उभे असलेले गृहस्थ कोणाचे कोण, हे त्यांनाच ठाऊक असते.