पडद्यावरचा नेम आणि घरातली मर्यादा

सूर्यास्ताला अर्धा तास उरलेला असतो. वडील दुकानातून घरी आलेले असतात, ताटे मांडली जातात, आजी चौविहाराची आठवण करून देते आणि आतल्या खोलीतून उत्तर येते, ‘आलोच, पाच मिनिटे!’ त्या पाच मिनिटांची चाळीस होतात. ताट झाकून ठेवले जाते, वडिलांचा आवाज चढतो आणि संगणकासमोर बसलेला मुलगा कानांवरचे हेडफोन न काढताच हाताने थांबण्याची खूण करतो. व्यापारी कुटुंबांतून हे दृश्य आता नवे राहिलेले नाही.

पडद्यावर चाललेला खेळ बहुधा ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या प्रकारातला असतो. त्यात खेळणाऱ्याला स्वतःचे पात्र दिसत नाही. दिसतात ते केवळ त्या पात्राचे हात, हातातील शस्त्र आणि समोरचे जग. ‘हाफ-लाइफ’ या खेळात दोन तरुणांनी केलेल्या फेरबदलांतून 1999 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मास आला. त्याची आजची आवृत्ती सप्टेंबर 2023 मध्ये आली. रायट गेम्स या कंपनीचा ‘व्हॅलोरंट’ जून 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही खेळांच्या मुख्य स्पर्धात्मक प्रकारात पाच-पाच जणांचे दोन संघ समोरासमोर येतात. दोन्ही विनामूल्य खेळता येतात आणि दोन्हींचे सर्व्हर मुंबईत असल्याने महाराष्ट्रातील मुलांना ते सोयीचे पडतात.

घरात वाद सुरू होतो तो मात्र ‘विनामूल्य’ या शब्दाच्या पुढे. खेळ अडखळतो, नेम चुकतो, म्हणून नवे ग्राफिक्स कार्ड हवे, नवा मॉनिटर हवा, अशी मागणी येते. या मागणीला सरसकट नकार देणे किंवा डोळे मिटून होकार देणे, दोन्ही व्यापारी बुद्धीला शोभणारे नाही. आधी हिशेब पाहावा.

खर्चापूर्वीचा हिशेब

पडद्यावरचे हलते दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. साधा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे 16.7 मिलिसेकंद जातात. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर हे अंतर सुमारे 6.9 आणि 240 हर्ट्झच्या मॉनिटरवर सुमारे 4.2 मिलिसेकंद होते. 60 वरून 144 वर गेल्यास जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात. 144 वरून 240 वर गेल्यास तीनही वाचत नाहीत. पहिली पायरी डोळ्यांना सहज जाणवते. पुढच्या प्रत्येक पायरीला किंमत वाढत जाते आणि लाभ घटत जातो.

कित्येक घरांत तर विकत घेतलेला मालच गोदामात न उघडता पडून असतो. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणलेला असतो, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तो 60 वरच ठेवलेला असतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असते, त्यामुळे महागडे कार्ड नुसते बसून राहते. रॅमचा छापील वेग ‘बायोस’मधील एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू केल्यावरच मिळतो, हे ठाऊक नसल्याने ती संथ चालत राहते. या तीन गोष्टी तपासायला एक रुपयाही लागत नाही. नवीन खरेदीचा विषय त्यानंतरच निघावा.

जे काढले, ते कमावले

चांगले स्पर्धक खेळाची मांडणी कशी करतात, हे पाहिले तर मोठ्यांना आश्चर्य वाटेल. दृश्य जितके सुंदर तितका खेळ सरस, अशी सर्वसाधारण समजूत असते. ते याच्या उलट करतात. व्हॅलोरंटमध्ये मटेरियल, टेक्स्चर आणि डिटेल हे तीनही पर्याय ते बहुधा ‘लो’वर ठेवतात. प्रकाशाची झगमग वाढवणारा ‘ब्लूम’, हवेतील थरथर दाखवणारा ‘डिस्टॉर्शन’ आणि कडांना काळोखी देणारा ‘विन्येट’ हे पर्याय बंद असतात. यंत्रावरचा भार हलका होतो, चित्रांची संख्या वाढते आणि नजर भरकटत नाही.

‘व्ही-सिंक’ हा पर्यायही ते बंद ठेवतात. तो सुरू असेल तर तयार झालेले चित्र मॉनिटरच्या पुढील पाळीची वाट पाहत थांबते, जसे बांधून तयार असलेले पार्सल टेम्पोच्या ठरलेल्या वेळेसाठी दुकानात पडून राहते. एनव्हीडियाचे कार्ड असल्यास ‘रिफ्लेक्स’ सुरू करतात. त्याने कार्डापुढे कामांची रांग साचत नाही आणि माऊसची हालचाल पडद्यावर लवकर उमटते. चित्रांच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा त्यांच्या सातत्याला अधिक महत्त्व असते. एका क्षणी 300 आणि ऐन चकमकीत 90 अशी चढउतार असण्यापेक्षा स्थिर 160 बरे.

मात्र काढून टाकणे म्हणजे सगळेच काढून टाकणे नाही. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये कोपऱ्यामागे उभ्या असलेल्या खेळाडूची सावली त्याच्या आधी दिसू शकते. म्हणून इतर शोभा कमी करणारे स्पर्धकही तिथे सावल्यांचा दर्जा चांगला राखतात. जे माहिती देते ते ठेवायचे, जे केवळ नटवते ते सोडायचे. परिग्रहाचे परिमाण ठरवताना श्रावकाला जो विवेक लागतो, त्याच्याशी या निवडीचे नाते दूरचे नाही.

खेळाच्या दुकानात विकली जाणारी शस्त्रांची आवरणे, म्हणजे ‘स्किन’, याच कसोटीवर तपासावीत. त्यांचा एखादा संच काही हजार रुपयांना पडतो. शस्त्राची मारकशक्ती वा अचूकता त्याने तसूभरही वाढत नाही.

हाताची सवय, तारेचा मार्ग

माऊसच्या बाबतीत सर्वांत सामान्य चूक म्हणजे तो अतिशय चपळ ठेवणे. माऊसचा डीपीआय आणि खेळातील सेन्सिटिव्हिटी यांच्या गुणाकारावरून त्याची चपळता मोजतात. व्हॅलोरंटमधील अनेक निष्णात खेळाडूंचा हा गुणाकार साधारण 200 ते 400 च्या दरम्यान असतो. 800 डीपीआय आणि 0.35 सेन्सिटिव्हिटी धरल्यास तो 280 येतो. अशा वेळी पूर्ण वळसा घेण्यासाठी माऊस सुमारे 47 सेंटिमीटर सरकवावा लागतो. म्हणजे मनगटासोबत सबंध हाताचा उपयोग करावा लागतो आणि टेबलावर मोकळी जागा लागते. विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय बंद करावा, कारण तो हाताच्या वेगानुसार अंतर बदलतो आणि हाताला एक माप कधीच बसत नाही. त्यानंतर निदान काही आठवडे आकडा बदलू नये. प्रत्येक पराभवानंतर सेन्सिटिव्हिटी बदलणारा मुलगा रोज वजनकाटा बदलणाऱ्या दुकानदारासारखा असतो. त्याला आपली चूक कधी सापडतच नाही.

इंटरनेटच्या बाबतीत वेग आणि विलंब यांत गल्लत होते. मोठा टेम्पो एका खेपेत अधिक माल नेतो, पण त्यामुळे तो लवकर पोहोचतोच असे नाही. 100 एमबीपीएसची जोडणी 300 ची केल्याने ‘पिंग’ कमी होण्याची शाश्वती नसते. घरातल्या वायफायऐवजी लॅन केबल जोडली तर जोडणी बहुधा अधिक स्थिर होते, आणि केबल स्वस्त असते.

शेवटी यंत्रापलीकडचा हिशेब. दिसलेल्या खुणेला हाताने प्रतिसाद द्यायला निरोगी तरुणालाही साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. महाग मॉनिटरने वाचवलेले दहा मिलिसेकंद रात्री दोनपर्यंत जागून सहज गमावता येतात. हेडफोनच्या आवाजालाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी 75 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही सुरक्षित सीमा सांगितली आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

पिठाचा कोंबडा

इथवरचा विचार यंत्राचा झाला. जैन घरात यापुढचा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारला जावा: गोळी खोटी, रक्त खोटे, मरण खोटे, मग हिंसा कुठली?

व्हॅलोरंटमध्ये रक्त आणि पडलेले देह दाखवणे बंद करण्याची सोय आहे. काही स्पर्धक ती केवळ नजर मोकळी राहावी म्हणून वापरतात. जैन घरात तर हे दोन्ही पर्याय पहिल्याच दिवशी बंद करावेत. पण तेवढ्याने प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी यशोधर राजाची कथा आठवावी. सोमदेवसूरींनी शके 881, म्हणजे इ.स. 959 मध्ये, ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यात ती विस्ताराने सांगितली आहे. आई बळी देण्याचा आग्रह धरते, राजा जिवंत प्राणी मारण्यास नकार देतो, आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. त्या कोंबड्यातही रक्त नव्हते. तरीही संकल्प मारण्याचा होता, म्हणून मायलेकांना अनेक भव पशुयोनीत भटकावे लागले.

ही कथा संगणकासमोर बसलेल्या मुलाला शाप म्हणून ऐकवण्यासाठी नाही. त्याला स्वतःला तपासता यावे, यासाठी ती सांगावी. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या मुळाशी प्रमाद पाहिला आहे आणि जैन आचार्यांनी कषायांच्या उदयालाच हिंसा मानले आहे. तेव्हा खेळताना मनात काय उठते, हे पाहावे. समोरच्या संघाची चाल ओळखण्याचा आनंद आहे, की कुणाला लोळवल्याचा? हरल्यावर आपली चूक शोधली जाते, की टेबलावर मूठ आपटली जाते? क्रोध, मान, माया, लोभ ही चारही नावे मुलांना पाठशाळेत पाठ झालेली असतात. ती ओळखण्याची संधी इथे एका सामन्यात अनेकदा येते.

एक गोष्ट मात्र या खेळात मुळीच आभासी नसते. मायक्रोफोनच्या दुसऱ्या टोकाला खरा माणूस असतो. पडलेले पात्र पुढच्या फेरीत पुन्हा उभे राहते. नवख्या मुलाला दिलेली शिवी मात्र त्याच्या मनातून पुढच्या फेरीत पुसली जात नाही. पडद्यावरच्या हिंसेविषयी मतभेद संभवतात, वाणीच्या हिंसेविषयी संभवत नाहीत. म्हणून मुलाची मांडणी तपासताना त्याची भाषाही दाराआडून नव्हे, शेजारी बसून ऐकावी.

काही कुटुंबे अनर्थदंडविरती व्रताचा विचार करून असे खेळ घरात नकोत, असे ठरवतील. त्या निर्णयाला शास्त्राचा भक्कम आधार आहे. त्यांच्या मुलांना नेमाचे कौशल्य हवेच असेल तर ‘एम लॅब’सारख्या सराव-कार्यक्रमांत माणसांऐवजी गोळे व ठिपके टिपता येतात. मोठ्या स्पर्धांतही या प्रश्नाचा विचार झाला आहे. चीनमधील हांगझोऊ येथे 2023 मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. तिथे ‘पीसकीपर एलिट’ या नेमबाजीच्या खेळाची खास आवृत्ती वापरली गेली. तीत खेळाडूंनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या नव्हत्या, केवळ लक्ष्ये टिपायची होती. चुरस त्यानेही टिकली.

सौदा आधी ठरावा

जी कुटुंबे मर्यादेसह परवानगी देतील, त्यांनी खेळाचे एक वैशिष्ट्य जाणून घ्यावे. व्हॅलोरंटचा स्पर्धात्मक सामना 13 फेऱ्या आधी जिंकणाऱ्या संघाचा असतो आणि तो बहुधा अर्ध्या ते पाऊण तासाचा होतो. तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. एक जण उठला तर त्याचे चार साथीदार अडचणीत येतात आणि उठणाऱ्याला दंड होतो. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असे म्हणणारे वडील नकळत मुलाला दिलेला शब्द मोडायला सांगत असतात, आणि सौदा झाल्यावर मागे फिरणे काय असते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून बोलणे सामना सुरू होण्यापूर्वी व्हावे. सूर्यास्ताला तासाभरापेक्षा कमी वेळ असेल तर नवा सामना सुरू करायचा नाही, हा नियम मुलाने स्वतः कागदावर लिहून टेबलासमोर लावावा. वेळ थोडा असेल तर पाच फेऱ्या आधी जिंकण्याचा ‘स्विफ्टप्ले’ साधारण पंधरा मिनिटांत आटोपतो. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो; नियम घड्याळाच्या काट्यावर न बांधता सूर्यास्तावर बांधला तर तो बाराही महिने चालतो. युरोपीय वर्गवारीत हा खेळ 16 वर्षांपुढील मुलांसाठी आहे, हेही परवानगी देताना ध्यानात असावे. आणि पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने निषिद्धच ठरवले आहेत.

सामायिकाच्या दोन घटिका म्हणजे 48 मिनिटे. पाऊण तास एका जागी बसणे, नजर ढळू न देणे, बारीकशा आवाजाकडे कान लावणे हे आपल्या मुलाला जमते, हे पालकांनी त्या खोलीच्या दारातून स्वतः पाहिलेले असते. ‘त्याला एका जागी बसवतच नाही’ ही सबब आता कुणाला देता येणार नाही. वडील त्याच्या शेजारी बसून एक सामना पाहतील, तर तोही त्यांच्या शेजारी आसन घालून एक सामायिक करील, असे मागण्याचा अधिकार त्यांना मिळेल. तोवर ताट मांडलेले असावे, आणि सूर्य मावळायला थोडा अवकाश असावा.