खासगी माहिती आणि फेरफाराची वाट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, नेरळपासून चौक-खोपोलीपर्यंत, मुंबईच्या सान्निध्यामुळे जमिनीचे व्यवहार सतत होत असतात. मात्र खरेदीखत झाले म्हणून खरेदीदाराला सातबारावरील नाव स्वतः बदलता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 नुसार तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकत आल्यास तिचा निर्णय होतो आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या पद्धतीत हीच शिस्त संगणकाच्या आज्ञावलीला लावली जाते. तिथे माहिती आणि त्या माहितीवर काम करणारी फंक्शन्स ज्या आराखड्यात एकत्र बांधतात त्याला क्लास, तर त्यावरून घडलेल्या प्रत्येक नगाला ऑब्जेक्ट म्हणतात. माहितीचा एखादा घटक प्रायव्हेट ठेवला, की क्लासबाहेरच्या आज्ञांना तो थेट वाचता किंवा बदलता येत नाही. बदल करायचा तो सेटर नावाच्या फंक्शनमार्फत, आणि दिलेले मूल्य ग्राह्य आहे की नाही हे तपासण्याची जागाही तीच.

सातबाराचा असा क्लास लिहून त्यातील क्षेत्र उघडे ठेवले, तर आज्ञावलीतील कोणतीही ओळ तिथे उणे आकडा भरू शकेल आणि चूक कुठे झाली हे शोधताना सगळी आज्ञावली चाळावी लागेल. क्षेत्र प्रायव्हेट असेल, तर शोध क्लासपुरताच उरतो. शिवाय आज हेक्टर-आरमध्ये साठवलेले क्षेत्र उद्या चौरस मीटरमध्ये साठवायचे ठरले, तरी बाहेरच्या आज्ञांना हात लावावा लागत नाही. माहिती झाकण्याचे हे तत्त्व डेव्हिड पारनास यांनी 1972 मध्ये मांडले, आणि बियार्ने स्ट्राउस्ट्रप यांच्या सी प्लस प्लस भाषेत तर क्लासचे घटक वेगळे काही न सांगितल्यास प्रायव्हेटच मानले जातात.

तरीही प्रत्येक प्रायव्हेट घटकामागे, येईल ते मूल्य निमूट स्वीकारणारा एकेक सेटर लिहिण्याची सवय घातक आहे, कारण त्यामुळे संरक्षण केवळ नावाला उरते. ‘भोगवटादाराचे नाव भरा’ यापेक्षा ‘फेरफार प्रमाणित करा’ असे फंक्शन लिहिणे अधिक योग्य. ठाकूर आणि कातकरी समाजाची वस्ती असलेल्या या तालुक्यांत आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ ची मनाई आहे, आणि ही अट त्या फंक्शनच्या आतच तपासली गेली, तर नवख्या प्रोग्रॅमरच्या विसराळूपणाने ती वगळली जाणार नाही. फेरफार क्रमांकासारखे जे मूल्य एकदा ठरले की बदलायचेच नसते, ते ऑब्जेक्ट तयार होतानाच भरावे आणि त्यासाठी सेटर मुळीच लिहू नये.