हजेरीपट आणि निकाल

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तेथे गरीब वस्तीत बॅलू नावाची सरकारी शाळा आहे. २०१७ च्या जूनमध्ये तिच्यातून १६४ मुले उत्तीर्ण झाली, आणि एकूणएक मुलांना महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून मोठे कौतुक झाले. नोव्हेंबरात आकाशवाणीच्या वार्ताहरांनी हजेरीपट चाळले, तेव्हा निराळेच दिसले. निम्मी मुले वर्षात तीन महिन्यांहून अधिक विनापरवानगी गैरहजर! पाचांत एक तर शाळेत कमी, बाहेरच अधिक. एखाद्या विषयाला तीस दिवस चुकले की नापास, असा तेथील नियम. एप्रिलपर्यंत उत्तीर्ण होण्याच्या वाटेवर अवघी ५७ मुले होती.

मग दोन महिन्यांत १६४ झाली कशी? बुडालेला विषय थोडक्या दिवसांत भरून काढण्याचे जादा वर्ग होते. शिवाय पास करा, असा वरून दाब आल्याचे शिक्षकांनी सांगितले. निकालाचा आकडा खाली आला, तर शिक्षकाच्या मूल्यमापनाला धक्का. त्याला एकट्याला दोष देणे आम्हांला तरी पटत नाही. मुलांनाही नोकरी होती, धाकट्या भावंडांना सांभाळणे होते. पण जे शिकवलेच गेले नाही, ते महाविद्यालयात कोण शिकवणार?

पुढे शहरभर तपासणी झाली. २,७५८ उत्तीर्णांपैकी ९३७ जणांच्या बाबतीत नियम मोडले गेले होते. नियम कसोशीने पाळताच २०१८ चा शहराचा निकाल ७३ टक्क्यांवरून सत्तरच्या खाली उतरला.