जुन्या गाडीच्या चाकाचा ‘घूं घूं’ आवाज : बेअरिंग बदलण्याआधी कारण शोधा

जुनी गाडी घेऊन धंदा करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. कुणी मारुती ओम्नीतून शाळेची मुले नेतो, कुणी त्याच गाडीची मागची सीट काढून अंडी, बेकरीचा माल किंवा कापडाचे गठ्ठे दुकानोदुकानी पोहोचवतो. ही गाडी १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. अशा गाडीत एके दिवशी ताशी चाळीसच्या पुढे ‘घूं घूं’ असा आवाज सुरू होतो. वेग वाढला की तो चढतो, वेग उतरला की उतरतो. गॅरेजचे उस्ताद एक चक्कर मारून सांगतात, “चाचा, पुढचं बेअरिंग गेलंय.” बेअरिंग बदलले जाते, पैसे जातात आणि गाडी त्याच सुरात गुणगुणत घरी येते. मग दुसऱ्या बाजूचे बेअरिंग, मग टायर, मग डिफरन्शियल. एका आवाजापायी तीन-तीन बिले भरणारे गाडीमालक कमी नाहीत.

उस्तादांचा हेतू वाईट असतो असे नाही. हा आवाज मुळातच फसवा आहे. ओम्नीत चालक थेट पुढच्या चाकांवर बसतो, इंजिन सीटखाली असते आणि मागे रिकामा पत्र्याचा डबा. मागच्या चाकाचा आवाज या डब्यात ढोलासारखा घुमतो आणि पुढून आल्यासारखा वाटतो. म्हणून केवळ कानावर विसंबून स्पेअर पार्ट विकत घेऊ नये. पुढील चाचण्यांना खर्च नाही, फक्त थोडा वेळ आणि सोबत एक माणूस लागतो.

पहिली चाचणी रस्त्यावरची. रिकाम्या, सपाट रस्त्यावर आवाज स्पष्ट येईल इतक्या वेगाने गाडी चालवावी आणि गिअर न्यूट्रल करावा. इंजिन मात्र बंद करू नये. किल्ली फिरवल्यावर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. इंजिनचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच यांना दोष देता येत नाही. आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे. त्यानंतर गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर दाबून आणि सोडून पाहावे. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल, तर संशय डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनवर घ्यावा. चाकाच्या बेअरिंगला अ‍ॅक्सिलेटरशी फारसे देणेघेणे नसते.

आता टायर. माझ्या मते ‘बेअरिंग गेलं’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत टायरचा गुन्हा सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो. अलायनमेंट बिघडलेली असेल किंवा शॉक अब्सॉर्बर बसले असतील, तर टायर एकसारखा झिजत नाही. त्यावर उंचसखल डाग पडतात किंवा नक्षीच्या कडा करवतीसारख्या होतात. डोळ्यांना हे चटकन दिसत नाही, हाताला कळते. टायरवर तळहात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून टोचरे लागले, तर आवाजाचे कारण बहुधा सापडले. (टायरला तार किंवा खिळा नाही ना, हे आधी पाहावे.) दुसरी खूण म्हणजे टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटवर तो मोठा होतो आणि नव्या डांबरी रस्त्यावर दबतो. बेअरिंगचा आवाज सगळीकडे जवळजवळ सारखाच राहतो. तरीही शंका राहिली तर त्याच बाजूचे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावावे. आवाजाने जागा किंवा सूर बदलला तर बेअरिंगला हात लावण्याचे कारण नाही.

टायर निर्दोष ठरला की बेअरिंगकडे वळावे. बेअरिंगमध्ये दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर ग्रीसमध्ये फिरतात. ग्रीस संपले, धूळ शिरली किंवा पाणी गेले की कड्यांच्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. गोळ्या त्या खड्ड्यांवरून हजारो वेळा जातात, त्याचीच ती गुणगुण. पाण्याचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळुणात जशा गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, तशी गाडी बाहेरून धुऊन-पुसून नवी दिसते. पण हबमध्ये गेलेले पाणी ग्रीस खराब करते, गंज धरतो आणि आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो. जुनी गाडी विकत घेताना हा आवाज ऐकू आला, तर गाडी पाण्यात होती का, हे जरूर विचारावे.

कोणत्या बाजूचे बेअरिंग, हे वळणावर कळते. मोकळ्या मैदानात किंवा निर्मनुष्य रस्त्यावर कमी वेगात गाडी हळुवार डावीकडे, मग उजवीकडे वळवावी. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकांवर येते. त्या वेळी आवाज वाढला तर उजवी बाजू संशयित, आणि उलट असेल तर डावी. हा नियम बहुतेक वेळा लागू पडतो, नेहमी नाही. म्हणून निकाल जॅकवरच द्यावा.

गाडी सपाट जागी उभी करून, दुसऱ्या चाकांना दगड लावून, जॅकशिवाय लोखंडी स्टँडचाही आधार द्यावा. उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे. प्ले जाणवला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन तपासावे. मात्र प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगले, असा अर्थ काढू नये. सुरुवातीला फक्त आवाज असतो, प्ले नंतर येतो. म्हणून एक हात पुढच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला जाणवते. बोटे स्प्रिंगच्या फटीत जाऊ देऊ नयेत.

मागची चाके जास्त कटकटीची. एक चाक उचलून फिरवले तर डिफरन्शियलचेही दात फिरतात आणि आवाज मिसळतो. काही गॅरेजांत एकच मागचे चाक उचलून इंजिनवर गाडी पळवतात, ते करू देऊ नये. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असताना उचललेले चाक मीटरवर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट फिरते. लांबलचक गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. तिथे मधले सेंटर बेअरिंग विसरू नये. त्याचा आवाज बरोबर पायाखालून येतो.

एवढी मेहनत कशासाठी, असे कुणी म्हणेल. पैशांचा प्रश्न आहेच, पण दुर्लक्षाचा खर्च त्याहून मोठा आहे. खराब बेअरिंग काही दिवस गुणगुणते, मग चाक डगमगते आणि शेवटी ते जाम होऊ शकते किंवा हब तुटून चाक निखळू शकते. शाळेची मुले नेणाऱ्यांनी खरखर हाताला लागल्यावर गाडी दुसऱ्या दिवशीच्या फेरीला नेऊ नये.

नवे बेअरिंग घेताना कड्यावर कोरलेला नंबर जुन्याशी ताडून पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. नकली माल खऱ्या डब्यासारख्याच डब्यात मिळतो. बसवताना प्रेसचा आग्रह धरावा. हातोड्याने ठोकलेल्या बेअरिंगच्या कड्यांवर पहिल्याच दिवशी खुणा पडतात आणि थोड्या महिन्यांत तोच आवाज परत येतो. जुन्या जीपसारख्या गाड्यांत पुढे टेपर रोलर बेअरिंग असते. त्याचा नट चाक फिरवत आवळून, मग कंपनीच्या मापाप्रमाणे सैल करायचा असतो, आणि स्प्लिट पिन नवीच घालायची. जास्त आवळले तर ग्रीस जळून नवे बेअरिंगही जाते.

शेवटी, काढलेले जुने बेअरिंग उस्तादांकडून मागून घ्यावे. डिझेलमध्ये धुऊन, कोरडे करून बोटाने सावकाश फिरवून पाहावे. हवेच्या पाइपाने गरगर फिरवू नये, कडी फुटून इजा होते. खरखर लागली किंवा खड्डे दिसले तर खर्च योग्य जागी झाला. ते अगदी मऊ फिरले, तर आवाज दुसरीकडचा होता आणि पुढचा पार्ट विकत घेण्याआधी टायरपासून पुन्हा तपासणी करावी.